चिठ्ठी कुणाच्या नावाची?

अंबड तालुक्यात महाकाळ्याच्या शिवारात समर्थ सहकारी साखर कारखाना आहे, आणि त्याच्याभोवती वाढलेल्या वस्तीला अंकुशराव टोपे यांच्या नावावरून अंकुशनगर म्हणतात. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडली की इथली माणसं वाढतात. गोदावरीपलीकडून, गेवराईच्या बाजूने, बीडच्या डोंगरपट्ट्यातून टोळ्या उतरतात, मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. होळीच्या पुढे पट्टा पडला की चार दिवसांत रान पुन्हा मोकळं. त्याच महिन्यांत जालन्यातल्याही कित्येक घरांना कुलपं असतात, कारण तिथली माणसं आणखी पश्चिमेला तोडीला गेलेली असतात.

या पट्ट्यातल्या एका उपकेंद्रात मी एकदा गरोदर मातांचं रजिस्टर चाळत बसलो होतो. पुढच्या पानांवर गावातल्या बायका, क्रमांक घालून, ओळीने. कोप्यांवरच्या बायका कुठे आहेत असं विचारल्यावर सिस्टरने रजिस्टर उलटं केलं. त्या मागच्या पानांवर होत्या. बाईचं नाव, टोळीच्या मुकादमाचं नाव, वजन, हिमोग्लोबिन. त्यापुढचे रकाने कोरे. बाळंतपण कुठे झालं, बाळाचं वजन किती भरलं, बाळ आहे की नाही, कशाचाच पत्ता नाही. ‘‘त्या गेल्या ना सर,’’ सिस्टर म्हणाली, ‘‘आता कुठून आणू?’’ हा काही तिचा हलगर्जीपणा नव्हता. बाई समोर होती तोवर जे लिहिता येणं शक्य होतं ते तिने लिहिलं होतं.

एखादा आरोग्य कार्यक्रम लागू पडला की नाही, हे कसं ठरवायचं याबद्दल गेल्या काही दशकांत जगभर ढीगभर लिहिलं गेलंय. अभ्यासाच्या रचनांची नावंही भरपूर आहेत. पण त्या सगळ्यांना शेवटी या मागच्या पानांच्या कसोटीला उतरावं लागतं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

आधी कार्यक्रम कसा असेल ते धरून चालू. समजा, पुढच्या हंगामात अंकुशनगरला ऊसतोड बायकांसाठी काही करायचं ठरलं. टोळीतलीच एक बाई आरोग्यसाथी म्हणून शिकवून तयार केली, तिच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं, लोहाच्या गोळ्या, पॅड, ताप मोजायचं यंत्र दिलं. प्राथमिक आरोग्य केंद्राची गाडी आठवड्याला एकदा कोप्यांवर फिरू लागली. मुकादमाने कबूल केलं की आजारपणाच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांना खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, धरणार नाही. कारखान्याने पाणी आणि संडास दिले. जिल्ह्याने असं कार्ड काढलं की जे इथेही चालेल आणि बाईच्या गावीही. बाई, टोळी, दवाखाना, कारखाना, जिल्हा असे पाच थर झाले. यातला एकही थर सुटा नाही. पिशवीत गोळी आहे, पण गाडीपाशी जायला अर्धा दिवस मोडणार आणि त्याचा खाडा पडणार असेल, तर बाई गाडीकडे फिरकणार नाही. खाडा माफ झाला आणि गाडीत डॉक्टरच नसला, तरी फळ तेच. शास्त्रात याला बहुस्तरीय हस्तक्षेप म्हणतात. शब्द जड आहे. आपण थरांचा कार्यक्रम म्हणू.

आता या कार्यक्रमाने फरक पडला का, हे कुणाची कुणाशी तुलना करून सांगायचं?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८९७ साली मुंबईत प्लेगने हाहाकार माजवला असताना वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी राजी झाले त्यांना टोचली. टोचलेल्यांत प्लेग कमी दिसला. पण राजी होणारा कैदी आणि नको म्हणणारा कैदी हे एकसारखे असतात कशावरून? पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावी हाफकिन यांनी यावर तोड काढली: प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना लस द्यायची, निम्म्यांना नाही. घर तेच, उंदीर तेच, अन्न तेच. मला ही युक्ती आजही फार हुशारीची वाटते. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९४८ मध्ये, इंग्लंडमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कुणाला औषध मिळणार हे डॉक्टरने न ठरवता नशिबावर सोपवायचं, ही रीत वैद्यकात रुजली. आपल्या भाषेत, चिठ्ठ्या टाकायच्या.

मात्र लस माणसाच्या दंडात जाते आणि तिथेच राहते. थरांचा कार्यक्रम तसा राहत नाही. तोडीच्या भाषेत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आगाऊ उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. कोयत्यातल्या बाईला पिशवीतली गोळी द्यायची आणि शेजारच्या कोपीतल्या बाईला चिठ्ठी निघाली नाही म्हणून द्यायची नाही, हे कागदावर जमेल. रानात पिशवी संध्याकाळपर्यंत सगळ्या कोप्या फिरून आलेली असेल. खाडामाफी तर एकीला देऊन दुसरीला नाकारताच येत नाही; मुकादम एक आणि टोळी एक. म्हणून चिठ्ठी बाईच्या नावाची टाकून भागत नाही. ती टोळीच्या नावाची टाकावी लागते, किंवा त्याहून वरच्या कुणाच्या तरी.

इथे हिशेबाची मेख आहे आणि ती पुष्कळ जाणती माणसंही विसरतात. एकाच टोळीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात. एकाच गावच्या, एकाच टाकीचं पाणी पिणाऱ्या, एकाच मुकादमाच्या हाताखालच्या. त्यामुळे एकीला विचारलं की दुसरीबद्दल थोडं आपोआप कळतं, आणि दुसरी बाई पूर्ण एक म्हणून मोजता येत नाही. हे सारखेपण ०.०५ इतकं, म्हणजे दिसायला किरकोळच, धरू. साठ टोळ्या आणि टोळीत वीस बायका म्हणजे बाराशे बायका झाल्या. सूत्राप्रमाणे नमुना १.९५ पटीने पातळ होतो आणि बाराशेंचं वजन जेमतेम ६१५ सुट्या बायकांइतकं भरतं. त्याच बाराशे बायका चार कारखान्यांवरून तीनशे-तीनशे घेतल्या तर पातळपणा १५.९५ पट, आणि वजन उरतं ७५ बायकांचं. कारखान्याच्या पातळीवर सारखेपण कमी असतं असं म्हणून ०.०२ धरलं तरी १७२. खर्च मात्र बाराशेंचाच. शिवाय चार कारखान्यांपैकी दोन निवडायच्या एकूण रीती सहाच. म्हणजे कार्यक्रमाचा काडीचाही उपयोग नसला, तरी सहातून एकदा चिठ्ठ्याच अशा पडतील की चांगले दोन्ही कारखाने आपल्या बाजूला येतील. एवढ्या भांडवलावर कुणी ‘सिद्ध झालं’ म्हणू नये.

राज्यात हंगामाला दोनशेच्या आसपास कारखाने चालतात. त्यातले चाळीस-पन्नास घेता आले तर कारखान्याच्या नावाची चिठ्ठी टाकता येईल. एकट्या अंकुशनगरला ती टाकणं म्हणजे नाणं एकदाच उडवून खेळ जिंकल्याची दवंडी पिटणं. तेव्हा एका कारखान्यावर काम असेल तर टोळी हाच त्यातल्या त्यात योग्य एकक, हे माझं मत मी आधीच सांगून टाकतो. पुढच्या गोष्टी त्या मताला कुठे टेकू देतात आणि कुठे धक्का.

गावांच्या गटांवर चिठ्ठ्या टाकण्याचं आपल्याकडचं सर्वांत ठसठशीत काम मराठवाड्यातलंच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. गावांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, आणि चार वाटण्या: एकीत एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसरीत पॅप तपासणी, तिसरीत ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणं, चौथीत नेहमीची व्यवस्था. २००९ मध्ये निकाल आला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या व्यवस्थेत ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने एवढा फरक पडतो हे त्यातून कळलं आणि त्याचे पडसाद जगभरच्या धोरणांत उमटले. बार्शीच्या आसपासच्या खेड्यांतल्या बायकांनी जगाला दिलेली ही माहिती आहे, हे आपण क्वचितच आठवतो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनेच वीस वस्त्या दहा-दहा अशा वाटून, प्रशिक्षित आरोग्य सेविकांकडून दर दोन वर्षांनी ॲसिटिक ॲसिडची तपासणी करवली. या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा निकालही महत्त्वाचाच, कारण तपासणारी डॉक्टर नव्हती.

दोन्ही अभ्यासांवर एक आक्षेप घेतला गेला आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तुलनेच्या गटाला ‘नेहमीची व्यवस्था’ दिली होती. पण जिथे नेहमीच्या व्यवस्थेत तपासणीच नाही, तिथे त्या शब्दाचा अर्थ काहीच न देणं असा होतो. तपासणी उपयोगी आहे हे इतरत्र माहीत असताना हजारो बायकांना वर्षानुवर्षं तिच्याविना ठेवणं योग्य होतं का? समर्थकांचं म्हणणं असं की अशा खर्चात, अशा मनुष्यबळात, अशा भागात तपासणी चालेल का, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि अभ्यासच झाला नसता तर दोन्ही गटांना तपासणीविनाच राहावं लागलं असतं. मला दुसरं म्हणणं खोटं वाटत नाही, पण पुरेसंही वाटत नाही. तुलनेचा गट किती काळ रिकाम्या हाताने ठेवायचा, याला सुरुवातीलाच तारीख घालायला हवी. ऊसतोडीत तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण ज्या टोळीची चिठ्ठी निघाली नाही तिच्यातली बाई ज्या टोळीची निघाली तिच्यापासून दोन शेतं पलीकडे असते आणि तिला सगळं दिसत असतं.

यावरचा उतारा म्हणून पायऱ्यांची रचना आली: कार्यक्रम शेवटी सगळ्यांनाच द्यायचा, फक्त कुणाला आधी आणि कुणाला नंतर हे चिठ्ठ्यांनी ठरवायचं. १९८६ साली पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात काविळीची, म्हणजे हेपटायटिस बीची, लस देशभर एकदम देण्याइतकी नव्हती, तेव्हा ती टप्प्याटप्प्याने, चिठ्ठ्यांच्या क्रमाने दिली गेली. आपल्याकडे अशी संधी हातातोंडाशी येऊन गेली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. जालन्यासह उरलेलं राज्य यायला २१ नोव्हेंबर २०१३ उजाडलं. पुढे हीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. सोळा-सतरा महिन्यांची ही फट म्हणजे अभ्यासकाला सोन्याची खाण होती, पण पहिले आठ जिल्हे चिठ्ठीने आले नव्हते. त्या यादीत मुंबईही आहे आणि गडचिरोलीही. त्यांची सरासरी काढून जालन्याशी तुलना करणाऱ्याला कपाळावर हात मारून घ्यावा लागेल. टप्पे पाडायचेच होते तर क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायला एक पैसाही जास्त लागला नसता.

पायऱ्यांच्या रचनेत एक खोच मात्र आहे आणि ती ऊसपट्ट्यात चांगलीच बोचेल. आधीच्या टोळ्यांचा कार्यक्रमाविनाचा काळ नोव्हेंबरात पडतो आणि नंतरच्यांचा कार्यक्रमासहचा काळ मार्चात. नोव्हेंबरात थंडी, अंगात गावाकडची ताकद. मार्चात ऊन, टाकीचं पाणी तळाला, चार महिन्यांचा शीण आणि पट्टा पडायच्या आत उचल फेडायची घाई. जुलाब मार्चात वाढणारच. महिना-महिन्याचा हिशेब वेगळा मांडला नाही, तर चांगला कार्यक्रमही वाईट ठरेल.

आता चिठ्ठ्या न टाकता केलेल्या कामांकडे येऊ, कारण महाराष्ट्राची खरी कीर्ती त्यांच्यावर आहे.

अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेणारी व्यवस्था उभी केली. गावातलीच बाई बाळाचं वजन करणार, श्वास मोजणार, ऊब देणार आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शनही देणार. शेजारची ४७ गावं तुलनेला. १९९३ ते १९९५ दोन्हीकडे नुसती मोजणी केली, मग एकीकडे काम सुरू झालं. हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातले मृत्यू कामाच्या गावांत ६२ वरून १९९७-९८ मध्ये २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ५७.७ होते ते ५९.६ राहिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. चिठ्ठ्या नाहीत, दोन सलग पट्टे आहेत, त्यामुळे काटेकोर माणूस म्हणेल की ही एकास एक तुलना झाली. म्हणू दे. फरक एवढा मोठा होता, आधीची मोजणी इतकी चोख होती आणि तुलनेचा आकडा इतका जागच्या जागी होता, की दुसरं कारण शोधायला गेलं तर सापडत नाही. पुढे ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी इतर संस्थांकडून हेच करवून पाहिलं आणि २०११ पासून आशा ताईंच्या कामात ते देशभर गेलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात, आणि त्याचे अडीचशे रुपये. गडचिरोलीत जी बाई एका संस्थेच्या रोजच्या नजरेखाली, बारीक प्रशिक्षण घेऊन काम करत होती तिचा निकाल, आणि डझनभर कामं अंगावर असलेल्या आशा ताईचा निकाल, एकच येईल असं धरून चालता येत नाही. चाचणी झाली होती पहिल्या बाईची.

जामखेडची गोष्ट याच्या उलटी. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, जगभरातून माणसं शिकायला येऊ लागली, १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं. तुलनेची गावं सुरुवातीला कुणी आखलीच नव्हती. तेव्हा लोकांना पाणी आणि ज्वारी हवी होती, नियंत्रण गट नव्हे. चाळीस वर्षांनी बाहेरच्या अभ्यासकांनी प्रकल्पातली आणि आसपासची प्रकल्पाबाहेरची गावं घेऊन, आयांना विचारून, मागे जाऊन हिशेब मांडला. २०१० मध्ये तो जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. एक महिना ते पाच वर्षं या वयातल्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्के कमी निघाला. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. ज्यांना जामखेड म्हणजे तीर्थक्षेत्र वाटतं त्यांना ३० टक्के कमी वाटले. मला ते फार वाटतात. शेजारच्या गावांतल्या बायका जामखेडच्या दवाखान्यात येत होत्या, तिथल्या सुना या गावांत आल्या होत्या, चाळीस वर्षांत गळती किती झाली असेल! तरीही ३० टक्के उरले. थर जितके जास्त आणि कार्यक्रम जितका जुना, तितका तो हद्दीबाहेर झिरपतो, आणि जितका झिरपतो तितका मोजमापात लहान दिसतो.

झिरपण्याचा प्रश्न नसतानाही चिठ्ठी काही वेळा शून्यच दाखवते. मुंबईत ‘स्नेहा’ संस्थेने ४८ झोपडवस्त्यांत २००६ ते २००९ दरम्यान बायकांचे गट बांधून नवजात मृत्यू कमी होतात का पाहिलं. फरक पडला नाही. जवळपास त्याच काळात झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागांत ‘एकजूट’ने अशाच गटांची चाचणी केली तेव्हा नवजात मृत्यू ३२ टक्के कमी निघाले. रचना तीच, कल्पना तीच. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होत होती. गटाच्या बैठकीने बदलण्यासारखं घरात फारसं उरलं नव्हतं, आणि दवाखान्यात काय घडतं यावर त्या बायकांचा जोर चालत नव्हता. बदल ज्या थरात व्हायला हवा होता त्या थराला कार्यक्रमाचा हातच पोचत नव्हता.

उत्तर प्रदेशातला ‘बेटर बर्थ’ अभ्यास हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगतो. १२० आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं, परिचारिकांना तपासणी यादी आणि आठ महिने शेजारी उभं राहून शिकवणारा माणूस. सवयी खरोखर बदलल्या: दोन महिन्यांनी आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के पाळल्या जात होत्या, तुलनेच्या केंद्रांत सुमारे ४२. शिकवणारा गेल्यावर आकडा घसरला. आणि मृत्यू व गंभीर गुंतागुंती मिळून प्रमाण इकडे १५.१ टक्के, तिकडे १५.३. मधली मोजणी केली नसती तर ‘यादी कुचकामी’ एवढंच कळलं असतं. ती केली म्हणून कळलं की यादी पाळली गेली, तरी रक्त, शस्त्रक्रिया, पुढे पाठवायची सोय हा वरचा थर जागेवर नव्हता. चिठ्ठी हो किंवा नाही सांगते. साखळी कुठे तुटली हे आत जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. २०२१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने गुंतागुंतीच्या कार्यक्रमांसाठी जी नवी मार्गदर्शिका काढली तिचाही रोख हाच आहे: लागू पडलं का एवढंच न विचारता कुणाला, कुठे, कशामुळे हे विचारा.

नुसत्या आधी-नंतरच्या तुलनेवर फार शब्द घालवत नाही. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये औरंगाबादेतून सुरू झालं. दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुरटलेपण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, २०१२ च्या पाहणीत २३ टक्के आलं. घट मोठी आहे, आनंदाची आहे. पण त्याच वर्षांत शेतीचे भाव, रोजगार, रस्ते, मुलींचं शिक्षण, अंगणवाड्या सगळंच हललं. त्यातला मिशनचा वाटा किती, हे या दोन आकड्यांवरून सांगणारा माणूस ज्योतिषी म्हणावा लागेल.

गोदावरीकडे परत येऊ. सरकारी हद्द ही काही वेळा फुकटात मिळालेली चिठ्ठी असते. कर्नाटकात २०१० मध्ये वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी उत्तरेकडच्या भागात आली. अभ्यासकांनी योजनेच्या हद्दीच्या अल्याड-पल्याडची, एकमेकांना खेटलेली गावं घेतली आणि योजनेत येणाऱ्या आजारांनी होणारे गरीब घरांतले मृत्यू हद्दीच्या आत ६४ टक्के कमी असल्याचं दाखवलं. शहागडच्या पुलाच्या एका टोकाला जालना आणि दुसऱ्या टोकाला बीड, तेव्हा इथेही असं करता येईल असं वाटतं. पण हद्द तेव्हाच कामाची, जेव्हा माणूस तिच्या एकाच बाजूला राहतो. तोडीची माणसं तशी राहत नाहीत.

पुलापलीकडच्या बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रकार २०१९ मध्ये उघडकीस आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तपासलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे जवळपास १७ टक्के. देशभरच्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास. आकडा हादरवणारा आहेच. पण वयोगट एक नाहीत, आणि त्याच गावातल्या तोडीला न जाणाऱ्या बायकांत किती, ही तुलनाच मोठ्या चर्चेत कुठे दिसली नाही. खाडा चुकवायला पिशवी काढली, की गावागावात पोचलेल्या खासगी दवाखान्यांनी ती सगळ्यांचीच काढली, हे ठरायचं तर तीच तुलना लागते. उत्तर पहिलं असेल तर इलाज मुकादमाच्या थरात, दुसरं असेल तर दवाखान्याच्या. त्यानंतर बीडमध्ये खासगी शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. महिन्या-महिन्याचे आकडे मांडून नियमाच्या दिवशी रेघ मोडते का, हे पाहणं इथे सर्वांत सोपं. फक्त पुलाच्या दोन्ही टोकांचे आकडे घ्यायला हवेत. बीडची रेघ खाली आली आणि जालन्याची वर गेली, तर पिशव्या वाचल्या नाहीत, त्यांनी नदी ओलांडली.

मग अंकुशनगरला काय करावं? पाणी, संडास आणि दवाखान्याची गाडी सगळ्यांना पहिल्या दिवसापासून द्यावी. त्यांची चाचणी करण्यासारखं काही नाही, तो हक्क आहे. चिठ्ठी टाकायची ती आरोग्यसाथी आणि खाडामाफी या दोनच गोष्टींची, टोळीच्या नावाने, टप्प्यांत, आणि हंगाम संपायच्या आत शेवटच्या टोळीलाही दोन्ही मिळतील अशी. मृत्यू मोजायचा हट्ट सोडावा. बाराशे बायकांत एका हंगामात बाळंतपणंच थोडकी. त्यांतले मृत्यू मोजून काही सिद्ध होत नाही. हिमोग्लोबिन मोजावं, आजारपणात किती दिवसांनी उपचार मिळाला ते मोजावं, खिशातून किती गेले ते विचारावं. आणि खाडे मोजावेत. त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. खाडा कुठल्या कोयत्याचा, कुठल्या दिवशी, किती रुपयांचा, हे मुकादमाच्या वहीत लिहिलेलंच असतं, कारण त्यावर पैसा अवलंबून असतो.

मुकादमाची वही मिळेल, पण मुकादमाची संमती म्हणजे बाईची संमती नव्हे. गटांवरच्या चाचण्यांसाठी २०१२ मध्ये जे नीतिविषयक ‘ओटावा निवेदन’ प्रसिद्ध झालं, त्यात गटाच्या वतीने दार उघडणाऱ्या माणसाचा विचार आहे: तो गटाला आत येऊ देऊ शकतो, माणसाच्या वतीने हो म्हणू शकत नाही. इथे तर दार उघडणाराच सावकार आहे. त्याने उचल दिलेली बाई त्याच्यासमोर नाही म्हणणार नाही. म्हणून विचारायचं ते तो फडावर नसताना, बाईने बाईला.

हे सगळं नोव्हेंबरात कोपीपाशी सुरू केलं तर उशीर झालेला असेल. उचल पावसाळ्यात वाटली जाते, टोळ्या तेव्हाच ठरतात. पहिली मोजणी तेव्हा, बाईच्या गावी, तिच्या घरी व्हायला हवी. चिठ्ठ्याही तेव्हाच, पण टोळ्या पक्क्या झाल्यावर टाकाव्यात, नाहीतर चिठ्ठी निघालेल्या टोळीत जायला कोयते फुटतील. आणि पट्टा पडल्यावर मे महिन्यात कुणीतरी एसटीने त्या साठ टोळ्यांच्या गावी जाऊन मागच्या पानांवरचे कोरे रकाने भरायला हवेत. मी पाहिलेल्या प्रस्तावांत हिमोग्लोबिनच्या यंत्राचे पैसे असतात, टॅबचे असतात, कार्यशाळेतल्या जेवणाचेही असतात. मे महिन्यातल्या या फेऱ्यांचा प्रवासखर्च बहुतेक वेळा नसतो.